घाम, भोक आणि झोल

"भोक लाग्यो?"

दार्जिलिंगच्या चौरस्त्यावरून खाली बाजाराकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर मी दम खात उभी होते. कडेच्या टपरीतल्या बाईनं हे विचारलं आणि मी आधी स्वेटरची कोपरं चाचपली. मग शालीची दोन्ही टोकं बघितली. भोक कुठेच नव्हतं. ती हसली, तिनं शेगडीवरच्या भांड्याचं झाकण उचललं, वाफेचा लोट माझ्या चष्म्यावर आला, आणि आंधळ्या अवस्थेत मला उमगलं की ही भुकेबद्दल विचारतेय. नेपाळीत भूक म्हणजे भोक. पोटाला पडलेलं भोकच ते, त्यामुळे फार काही चुकीचं नाही म्हणा.

दार्जिलिंगला जाण्याआधी प्रत्येकानं मला थंडीबद्दल बजावलं होतं. तिथल्या पाट्या आपल्याला वाचता येतील, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. बंगालमध्ये चाललोय म्हणून मी बंगाली अक्षरांची तयारी ठेवली होती, आणि सिलिगुडीपर्यंत तीच दिसली. जीप चढणीला लागली, कर्सियांग आलं, आणि दुकानांच्या पाट्या एकाएकी ओळखीच्या झाल्या. नेपाळी आपल्यासारखीच देवनागरीत लिहितात. १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी या तीन भाषा एकदम घेतल्या गेल्या. म्हणजे आमच्या म्हापशाच्या मावशीची भाषा आणि या टपरीवालीची भाषा सरकारदरबारी एकाच रांगेतून आत गेलेल्या.

लिपी आपली म्हटल्यावर माणूस जरा जास्तच धीट होतो. वाट म्हणजे 'बाटो', मासा म्हणजे 'माछा', किती म्हणजे 'कति', बहीण म्हणजे 'बहिनी', भात तर भातच. असे पाच-सहा शब्द जुळले की वाटतं, हे तर आपलंच आहे. आणि मग कुणीतरी बशी पुढे करून "मीठो छ" म्हणतं. मी म्हटलं, "नको, मला गोड नको." मीठो म्हणजे चविष्ट. हिंदीच्या हिशेबानं गोड, मराठीच्या हिशेबानं खारट, आणि खरं म्हणजे दोन्ही नाही.

आम्ही गेलो होतो दिवाळीच्या सुट्टीत, एका मराठी टूर कंपनीबरोबर. कंपनीचे महाराज बरोबर होते. त्यांच्या शेगड्या, कुकर, गोडा मसाल्याचा डबा आणि पोह्यांचं पोतं आमच्या आधी हॉटेलात पोचलं होतं. पत्रकातच छापलेलं होतं, 'घरच्यासारखं जेवण'. आणि ते तसंच होतं, हीच माझी तक्रार. सकाळी कांदेपोहे, दुपारी वरण-भात-बटाट्याची भाजी, रात्री पिठलं. सात हजार फुटांवर, खिडकीत ढग येऊन बसलेला, आणि ताटात भरली वांगी. मग डोंबिवलीतून निघालोच कशाला?

आता हे लिहिताना थोडी लाज वाटते, कारण ग्रुपमध्ये सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. तो मऊ भात आणि तूप होतं म्हणूनच त्यांना आयुष्यात एकदा कांचनजंगा बघता आलं. शिवाय महाराजांचे हाल मी पाहिले होते. त्या उंचीवर पाणी १०० अंशांना उकळत नाही, ९३ च्या आसपासच उकळायला लागतं. बुडबुडे दणकून येतात, पण डाळीला त्याचं काही नसतं. "पाणी नुसतं नाचतंय, शिजवत काही नाही," असं महाराज वैतागून म्हणायचे आणि कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त काढायचे. त्यामुळे मी जेवणाला नावं ठेवत नव्हते. फक्त अर्धं जेवून उठत होते, आणि दुपारी सगळे रजई ओढून पडले की नवऱ्याला घेऊन पायऱ्या उतरत होते.

तर ती टपरी. बाई माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान असेल, पण तिला सगळे 'दिदी' म्हणत, म्हणून मीही दिदीच म्हणू लागले. ती मला आन्टी आणि नवऱ्याला अंकल म्हणायची. आमच्याशी हिंदी, गिऱ्हाइकांशी नेपाळी. मागे पाटीवर खडूनं चार शब्द लिहिलेले: भेज, चिकन, पोर्क, बिफ. भेज म्हणजे शाकाहारी. नवऱ्यानं ते वाचून विचारलं, "काय भेजायचंय?"

मोमो करताना तिचे हात बघत मी पहिल्या दिवशी अर्धा तास उभी राहिले. मैद्याची लिंबाहून लहान लाटी. आखूड लाटण्यानं ती फक्त कडेकडेनं लाटायची, मध्यभागाला लाटणं लागूच द्यायचं नाही. त्यामुळे कडा कागदासारखी आणि मधे जाडसर टिकली. ती टिकली राहिली नाही तर तळ फाटतो आणि रस वाहून जातो. मिठानं सुटलेलं पाणी पिळून काढलेला कोबी, कांदा, आलं, थोडी मऊ छुर्पी (तिथलं पनीरच म्हणा) असं सारण मध्यावर. मग डाव्या हाताचा अंगठा सारण आत दाबत राहतो आणि उजव्या हाताची दोन बोटं कडेच्या चुण्या घेत गोल फिरतात. अंगठा शेवटच्या चुणीला बाहेर निसटतो. तिनं एका मोमोला किती चुण्या घातल्या ते मी मोजायचा प्रयत्न केला. दर वेळी बारा-तेराला गाडी चुकायची, कारण तेवढ्यात तो मोमो तेल लावलेल्या चाळणीवर जाऊन बसलेला असायचा आणि ती शेजारच्या पोराला सुटे पैसे देत असायची.

'मोमो म्हणजे तिखट मोदक' हे वाक्य आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकानं एकदा तरी म्हटलं. मीही म्हटलं, फोनवर, बहिणीला. पण दोन दिवस बघितल्यावर ते मागे घ्यावंसं वाटलं. मोदकाची उकड आधीच शिजलेली असते. मोदकपात्रातली वाफ तिला फक्त तकाकी आणते. इथं पीठ कच्चं, सारण कच्चं, सगळी भिस्त वाफेवर, आणि ती वाफही या उंचीवर जरा कमी तापलेली. घाई करून चालत नाही. मोदकाच्या कळ्या वर टोकाशी गोळा होतात, ते टोक मिरवण्यासाठी असतं. मोमोच्या चुण्यांना मिरवायचं नसतं, रस कोंडून ठेवायचा असतो. आणि मुख्य फरक खाण्यात आहे. मोदक फोडून वर तूप ओततात. मोमो फोडला की सगळं संपलं. मी पहिला मोमो सरळ दातांत धरला आणि उकळता रस हनुवटीवरून शालीवर गेला. दिदीनं मान हलवली आणि खूण करून दाखवलं. आधी कडेला दातानं बारीकसा चावा घ्यायचा, त्यातून रस ओढायचा, मग बाकीचा खायचा. म्हणजे आधी भोक पाडायचं.

बरोबर लाल चटणी, तिला ते अचार म्हणतात. त्यात डल्ले. डल्ले म्हणजे चेरीएवढी गोल, गुळगुळीत, लालभडक मिरची, दिसायला इतकी सोज्वळ की लहान मुलाच्या हातात खेळायला द्यावी. आपली लवंगी मिरची जिभेवर पडताक्षणी आपलं म्हणणं मांडते. डल्ले आधी काहीच बोलत नाही. उलट फळासारखा एक गोडसर वास येतो. तुम्ही दुसरा घास घेता. मग कानांच्या पाळ्या गरम होतात. तिसऱ्या घासाला डोक्यावरची लोकरीची टोपी काढावी लागते.

नवरा पक्का शाकाहारी. त्यानं भेज मोमो घेतले आणि दिदीनं नेहमीप्रमाणे बरोबर एक छोटा वाडगा दिला, पातळ, स्वच्छ, वर कांद्याची पात तरंगणारा. थंडी मी म्हणत होती. त्यानं दोन्ही हातांनी वाडगा धरला, फुंकर मारत मारत संपवला आणि म्हणाला, "किती हलकं आहे गं हे. घशाला बरं वाटलं. विचार ना कशाचं करतात."

मी विचारलं. दिदी म्हणाली, "हड्डी का है, आन्टी. सुबह से उबल रहा है." आणि रिकाम्या वाडग्याकडे बघून अगत्यानं म्हणाली, "अंकल, थोडा झोल और दूँ?"

झोल म्हणजे पातळ रस्सा. बंगाल्यांचा माशाचा झोल ऐकून माहीत होता, पण मुंबईच्या लोकलमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या कानाला त्या शब्दाचा एकच अर्थ कळतो. नवरा माझ्याकडे बघत राहिला. "झोलच झालाय," तो म्हणाला, "अजून कशाला?" हॉटेलपर्यंतची सगळी चढण तो काही बोलला नाही. दारात बूट काढताना मात्र म्हणाला, "चव चांगली होती पण."

खरी गोष्ट याहून वाईट आहे. मी दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा नीट बघितलं. त्या थरांच्या भांड्यात सर्वांत खाली हाडांचा तो झोलच उकळत होता, आणि त्याच्याच वाफेवर वरचे सगळे थर शिजत होते. भेजचा थरसुद्धा. हे मी त्याला सांगितलेलं नाही. तो पुढचे तीन दिवस वाडगा नाकारून, अत्यंत निष्ठेनं भेज मोमो खात राहिला. आता हा लेख वाचेल तेव्हा वाचेल.

छुर्पीचा एक वेगळा किस्सा. मऊ छुर्पी म्हणजे पनीरच्या जवळपासचं काहीतरी. सुकवलेली छुर्पी म्हणजे दगड. ताक उकळून, चोथा गाळून, दाबून, वाळवून त्याचे चौकोनी तुकडे करतात आणि दोऱ्यात माळेसारखे ओवून दुकानाबाहेर टांगतात. मी एक तुकडा चौरस्त्यावर तोंडात टाकला आणि टेकडीला वळसा घालणाऱ्या माल रोडवरून चालायला लागले. त्या टेकडीच्या माथ्यावर महाकालाचं देऊळ आहे. तिथं हिंदू पुजारी आणि बौद्ध लामा एकाच जागी बसतात, आणि घंटा आणि पताका दोन्हींची दाटी आहे. मी देवळात जाऊन आले, टेकडी उतरले, अख्खी फेरी पूर्ण करून परत भानुभक्तांच्या पुतळ्याशी आले (नेपाळीत रामायण आणणारे कवी ते, चौरस्त्यात उभे असतात), तरी छुर्पी होती तशीच, फक्त कोपरे गोल झालेले. आपल्याकडे जेवणानंतर सुपारी चघळणारी माणसं असत, तसं हे काम आहे, रिकामपणाला सोबत. आता म्हणे हीच कडक छुर्पी परदेशात कुत्र्यांना चावायला म्हणून विकली जाते आणि चांगली महाग विकली जाते. हे कळल्यावर नवऱ्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी झोलाची परतफेड म्हणून सहन केली.

टायगर हिलचा सूर्योदय ढगात गेला. त्याबद्दल एवढंच. खेळण्यातल्या गाडीतही बसलो. १८८१ पासून चालू असलेली, दोन फूट रुंदीच्या रुळांची गाडी. नेरळ-माथेरानचीही तेवढ्याच रुंदीची, त्यामुळे बसताच आम्हाला जुम्मापट्टीच्या वडापावची आठवण झाली. ही गाडी मात्र लोकांच्या ओट्यांना घासून जाते. एका दुकानातल्या काकांनी गाडी येताना दिसल्यावर बाहेर मांडलेल्या संत्र्यांची टोपली फक्त पायानं आत ओढली, गिऱ्हाइकाशी बोलणं न थांबवता.

बाजाराच्या बाजूला आलू दम मिळतो. बंगाली दम आलूसारखा तुपकट नाही. उकडलेल्या बटाट्याच्या मोठ्या फोडी, लालभडक पातळ रस, वर मूठभर भुजिया. शाळा सुटली की गणवेशातल्या मुली त्याच्याभोवती कोंडाळं करतात. आणि वाई वाई. ही नेपाळमधून आलेली नूडल्सची पुडी. ती न शिजवता चुरतात आणि कांदा, मिरची, लिंबू घालून कालवतात. आपली भेळच, कुरमुऱ्यांच्या जागी नूडल्स. साताऱ्याकडच्या आमच्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांनी पाटीवर 'वाई' दोनदा वाचलं आणि त्यांना इतकं भरून आलं की त्यांनी पुड्यांचा अख्खा खोका घेतला, ढोल्या गणपतीच्या गावच्या पाहुण्यांना दाखवायला.

एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे सगळं फार खमंग होईल. दार्जिलिंगला पाणी नाही. म्हणजे आभाळातून भरपूर पडतं, पण नळाला नाही. ब्रिटिश काळातल्या सिंचलच्या तलावांवर गावाची मदार, आणि गाव तेव्हाच्या कितीतरी पट वाढलेलं. भिंतींवरून, पायऱ्यांच्या कडेनं, गटारांवरून काळ्या नळ्यांची जुडगी गेलेली दिसतात. कुणाची कुठली ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. बाकीचं पाणी विकत, टँकरनं आणि डब्यांनी. दिदीकडे दोन बादल्या होत्या. एकीत बशा खळबळायच्या, दुसरीत विसळायच्या, आणि दुसरीचं पाणी गढूळ झालं की ते पहिलीत जायचं. पहिल्या दिवशी हे बघून माझ्या पोटात गोळा आला होता. तिसऱ्या दिवशी मी माझी बशी रुमालानं पुसून पुन्हा वापरायला पुढे करत होते. हॉटेलात मात्र आम्ही रोज बादली बादली गरम पाण्याचा तगादा लावत होतो.

चहाबद्दलही विचाराल. भारतात भौगोलिक निर्देशांक मिळालेली पहिली वस्तू म्हणजे दार्जिलिंगचा चहा. दुकानांत तो काचेच्या बरण्यांत, लहान मुलाला बोट लावू देणार नाहीत अशा थाटात ठेवलेला असतो. दिदी मात्र दाणेदार चहाची पूड, दूध आणि भरपूर साखर घालून उकळायची. मी बरण्यांविषयी विचारलं तर म्हणाली, "वो तो पानी जैसा है. ठंड कैसे जाएगी?"

टपरीच्या मागे तिनं गोणपाटावर मोहरीचा पाला पसरला होता. आंबवून दाबलेला, आंबूस, काळपट हिरवा. वाळला की त्याचं गुन्द्रुक होतं, हिवाळ्यात सूप करायला. ती येता-जाता आभाळाकडे बघून कुरकुरायची, "आज घाम छैन." तीन दिवस धुकं हटत नव्हतं. मी मनात म्हटलं, घाम कसा असेल, स्वेटरवर स्वेटर घालून कुडकुडतोय. मग कळलं, घाम म्हणजे ऊन. संस्कृतातला एकच 'घर्म' डोंगरावर जाऊन ऊन झाला आणि आपल्याकडे येईपर्यंत पाठीवरून ओघळायला लागला. बरोबरच आहे. ऑक्टोबरातल्या डोंबिवलीच्या फलाटावर दोन्हींत फरक करायची सोय कुठे असते?

नरकचतुर्दशीला कंपनीनं पहाटे साडेचारला उठवलं. उटणं, सुवासिक तेल, मोजून दोन-दोन बादल्या, बाहेर दाट धुकं. मग फराळ: चिवडा, शंकरपाळे, लाडू, चकली. मी एका कागदात थोडं थोडं बांधलं आणि उजाडल्यावर पायऱ्या उतरले. नवरा मागोमाग.

त्यांच्याकडे ही तिहार. कावळ्यांचा दिवस आदल्या दिवशी होऊन गेला होता, आजचा कुत्र्यांचा. चौरस्त्यावरची सगळी भटकी कुत्री झेंडूच्या माळा घालून हिंडत होती, कपाळावर लाल टिळे. टपरीखाली झोपणाऱ्या तपकिरी कुत्र्याच्या गळ्यात दोन माळा होत्या, आणि त्याला त्यांचं काहीच अप्रूप नव्हतं.

दिदीनं आज मोमो ठेवले नव्हते, सेल रोटी चालू होती. भिजवून वाटलेले तांदूळ, तूप, साखर. ते पीठ ती मुठीतून धार धरून कढईत सोडायची. हात एकदा गोल फिरला की तेलात बांगडी, आणि सुरुवात आणि शेवट जिथं भेटायचे तिथं एक छोटी गाठ. काडीनं उलटायची, काडीनंच उचलायची. बाहेरून कुरकुरीत, आतून जाळीदार. अनारशाची चुलत बहीण, पण अनारशासारखी लहरी नाही. तेलात सांडून रडवत नाही. पहिली रोटी तिनं तोडून कुत्र्याला दिली, दुसरी मला.

मी कागद पुढे केला. तिनं चकली उचलून आधी डोळ्यापाशी धरली, तिचे वेढे बघितले आणि स्वतःच्या सेल रोटीशेजारी ठेवून पाहिली. मग कडकन चावली. बराच वेळ चावत राहिली.

"मीठो छ," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, खरं बोलायचं ठरवून, "पिरो छैन." तिखट नाही. उरलेली अर्धी तिनं कुत्र्यापुढे टाकली. त्यानं ती हुंगली, पंजानं जरा सरकवली आणि सेल रोटीच्या दुसऱ्या तुकड्याची वाट बघत बसला.

"मोहन कमी पडलंय," नवरा महाराजांची बाजू घेत म्हणाला. "कडक झालीये म्हणून. नाहीतर चव..."

तेवढ्यात पायऱ्यांवर खालपासून वरपर्यंत एक पिवळी तिरीप आली. धुकं एका बाजूला सरकलं होतं. दिदीनं काडी तशीच कढईत टाकली, गोणपाटाकडे धावली आणि ओरडली, "घाम लाग्यो! घाम लाग्यो!"

नवऱ्यानं खिशातून रुमाल काढला, माझ्या कपाळाकडे काळजीनं पाहिलं आणि म्हणाला, "कुणाला?"